मावशीला रस्ता ओलांडता येईना

तीर्थस्वरूप मावशीच्या चरणी (सूज उतरली असेल तर दोन्ही, नसेल तर जो बरा असेल त्या) साष्टांग नमस्कार.

काकांचा खोकला कसा आहे? मी मजेत आहे आणि नोकरीलाही आहे. ती कशी टिकली, हे वाचताना मात्र मन घट्ट कर. बेकरी सोडली (ते प्रकरण वेगळं, दोष भट्टीचा होता) आणि आता एका गॅरेजमागच्या खोलीत, गाडी शिकवायचं यंत्र बनवणाऱ्या उस्तादांकडे लागलोय. यंत्र म्हणजे खुर्ची, स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि समोर पडदा. पडद्यावरचा रस्ता, भिंती, माणसं, सगळं त्रिकोणांचं. वरून वॉलपेपरसारखे फोटो चिकटवायचे. चित्रं काढणारं वेगळं कार्ड परवडत नाही, म्हणून बिचारा साधा कॉम्प्युटरच ठिपका ठिपका रंगवत बसतो. उस्ताद म्हणाले, रस्ता ओलांडणारं एक माणूस हवं. माझ्या पिशवीत फोटो एकच होता. तुझा. रागावलेला. तोही खांद्यापर्यंतच, म्हणून खाली उस्तादांची पँट लावली. (इस्त्रीची होती.)

लांबून तू झकास दिसायचीस. पण गाडी जवळ आली की फोटो ताणला जाई आणि तुझ्या तोंडाचे चौकोन चौकोन होत. नाक म्हणजे नुसती वीट. मला बघवेना. मग उस्तादांनी शिकवलं, की प्रत्येक ठिपक्याने फोटोतल्या चार शेजाऱ्यांना त्यांचा रंग विचारायचा आणि चौघांचं मिश्रण लावायचं. केलं. तू अशी लोण्यासारखी गुळगुळीत झालीस, की काकांनी ओळखलं नसतं! पण चार-चार घरी चौकशा करत हिंडणाऱ्याचं काम कधी वेळेत होतं का? (इथे मी माझ्याबद्दल बोलत नाहीये.) तू जितकी जवळ, तितकी पडदाभर, जितकी पडदाभर, तितक्या चौकशा. ऐन तू समोर आलीस की पडदा धापा टाकू लागे, ब्रेक दाबला तरी गाडीला पत्ता नाही, आणि... मावशी, कसं सांगू? उस्तादांनी सकाळभर तुला उडवलं.

"सोमवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई बघायला येतायत," ते घाम पुसत म्हणाले. "मावशी वाचली तर तुझी नोकरी वाचली."

मग मीच डोकं लढवलं (हसू नकोस). चौघांना कशाला विचारायचं? एकालाच विचारू. या ठिपक्याने डावीकडच्याला, पुढच्याने उजवीकडच्याला, आळीपाळीने. मिश्रण नाही, नुसती स्वेटरसारखी वीण, पण जरा लांबून डोळा फसतो. पडदा पळायला लागला, ब्रेक जागच्या जागी! फक्त तुझ्या ओठावरची सावली थोडी उसवली.

सोमवारी बाई बसल्या, भरधाव निघाल्या आणि तुझ्या नाकासमोर कचकन थांबल्या. खूश! पडद्याकडे निरखून बघत मला म्हणाल्या, "हे गृहस्थ कोण हो?"

नोकरी पक्की झाली. बाकी क्षेम.

तुला जपणारा,
भाचा

ता. क. — घाबरून मी "माझे काका" म्हणालो.

आणखी ता. क. — बाईंना ते गृहस्थ फार आवडले (चेहऱ्यावर जरब आहे म्हणे). स्कूलमध्ये यंत्राच्या उद्घाटनाची फीत त्यांच्याच हातून कापायची ठरलीय. तेव्हा काकांना आजपासून मिशी ठेवायला सांग. विरळच हवी. आणि रागाने बघायचं तेवढं तू शिकव.

शेवटचा ता. क. — काका नाहीच म्हणाले तर तूच ये. पँट इस्त्री करून ठेवलीय. मिशीचं मी बघतो.