दुपारचा हॉर्न

४ एप्रिल १९६०, सोमवार
आज जीप घरासमोर येऊन उभी राहिली. छावणीतल्या लिलावात बद्रीनाथनं आणि मी निम्म्या भागीत घेतली. बद्रीनाथ बिडकीनचा, माझा शाळासोबती. पाठबळ त्याचं, डोकं माझं. स्टेशनवरून टुरिस्ट उचलायचे, अजिंठा दाखवायचा, फर्दापूरला मुक्काम. मग नोकरीला रामराम. इंजिन उत्तम. फक्त लाइट लागत नाहीत, सेल्फ-स्टार्टर कण्हतो आणि हॉर्न मुका आहे. किरकोळ. मी विद्युतशास्त्राचा कोर्स पोस्टानं केलेला आहे, सर्टिफिकेट भिंतीवर आहे. ऑफिसात रजा टाकली. आठ दिवसांत गाडी रस्त्यावर.

बायकोनं, उमेनं, विचारलं, मिलिटरीचीच जीप कशाला हवी होती? बायकांना मशिनरीतलं कळत नाही.

६ एप्रिल
हॉर्नपासून सुरुवात. बद्रीनाथ म्हणतो, आधी लाइटाचं बघ, भोंग्याचं काय लोणचं घालायचंय? त्याला सांगितलं, क्रम टेक्निकल आहे.

स्टीअरिंगच्या नळीतून नवी वायर ओढली. मध्येच अडली. पक्कड लावून हिसका दिला, आली. हॉर्न वाजला! आवाज असा की अंगावर काटा आला. मिलिटरीचा तो मिलिटरीचाच.

९ एप्रिल, दुपार
पहिला घास घेतला आणि बाहेर हॉर्न. लांब, एकसारखा. धावत गेलो. जीपमध्ये कुणी नाही. टळटळीत ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. स्टीअरिंगचं चाक धरलं तसा हॉर्न थांबला. चाक गरम होतं, आत्ताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं. उन्हानं, अर्थात.

आत आलो तर आईनं माझ्या शेजारी दुसरं ताट वाढलेलं.

नोंद असावी म्हणून लिहितो. सदूदादा, माझा थोरला भाऊ, रझाकारांच्या दिवसांत त्यांच्याशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. जाताना आईला म्हणाला, येईन तो मिलिटरीच्या जीपमधून, दारात हॉर्न वाजवीन, ताट वाढून ठेव. पोलीस ॲक्शन झाली. मिलिटरी आली, जीपाही आल्या. दादा आला नाही. त्या वेळी मी दिवसदिवस रस्त्यावर उभा राहून प्रत्येक जीप बघत होतो. बंदोबस्त कसा असतो, एवढंच कुतूहल.

बिचारी आई. अजून वाट बघते.

१० एप्रिल
पुन्हा बाराच्या सुमाराला. आईनं विचारलं, कोण आहे रे? म्हटलं, कुणी नाही, अर्थिंग. ती बरं म्हणाली आणि दुसरं ताट वाढलं. उमा म्हणाली, आमटी सांडून धावायची काय गरज होती? टेक्निशियननं सतर्क असावं लागतं.

१४ एप्रिल
रोजचंच झालं आहे. शेजारच्या वच्छलाबाई सांगून गेल्या, गाडीत कुणीतरी हाय, लढाईत मेलेला सोल्जर असंल, भर दुपारी हिंडणारं लई वंगाळ. लिंबू-मिरच्या देऊन गेल्या. अंधश्रद्धेचा मला तिटकारा आहे. लिंबू बंपरला बांधलं, ते केवळ प्रयोग म्हणून.

१६ एप्रिल
लिंबू काढून टाकलं. सोल्जर नसून दुसरंच कुणी असलं तर? उगीच त्याला अडवल्यासारखं व्हायचं. म्हणजे वच्छलाबाईंच्या दृष्टीनं बोलतोय मी.

१९ एप्रिल
गुरुजी आले होते. माणूस परागंदा होऊन बारा वर्षं झाली की वाट बघणं पुरे करायचं, असं शास्त्र. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तो जीव सुटतो. विधी धाकट्या भावानं करायचा. मी तात्काळ होकार दिला. मी प्रॅक्टिकल माणूस आहे. आई मात्र म्हणाली, थोडं थांबू या, घरात एकाची अजून तयारी नाही. आई स्वतःबद्दल अशी आडवळणानं बोलते.

उघड आहे. हॉर्न वाजतोय तोवर ती तयार होणार नाही. हॉर्न बंद करणं आता माझं कर्तव्य आहे.

२५ एप्रिल
बॅटरी बदलली. कटआउट बदलला. डायनामो सोडवला, जोडला, दोन स्क्रू उरले. हॉर्न चालूच. बद्रीनाथ वैतागला. म्हणाला, दुनियेला कामधंदे हायत, वायर तोड की, दोन मिन्टाचं काम हाय. त्याला समजावलं, तो काही उपचार नव्हे, मूळ दोष सापडला पाहिजे. तो चहा न घेताच गेला.

१ मे, रविवार
महाराष्ट्र राज्य झालं. शहरभर रोषणाई. आमच्या जीपला मात्र अंधार, असं सकाळीच मनात आलं होतं. संध्याकाळी धूळ पुसताना उमेकडून स्विचवरची एक बारीक कळ दाबली गेली आणि दोन्ही लाइट भककन लागले! ब्लॅकआउटमध्ये चुकून लाइट लागू नयेत म्हणून लष्करानं ती कळ ठेवलेली. अखेर माझ्या परिश्रमांना यश आलं.

बद्रीनाथ म्हणाला, झालं तर, उद्यापासून धंदा. म्हटलं, हॉर्न राहिलाय.

५ मे
ढग आलेले. उन्हाचा पत्ता नाही. बारा वाजून गेले, हॉर्न नाही. वाऱ्यामुळे ऐकू आला नसेल म्हणून बाहेर जाऊन बसलो. सीटवर बसलो, नंतर शेजारच्या सीटवर सरकलो, ड्रायव्हरची सीट मोकळी असावी म्हणून. गाडीत एकटं बसलो असं वाटेना. घरात आलो तेव्हा भात गार झाला होता. आईनं ताट झाकून ठेवलं होतं. तिचं फार वाईट वाटलं.

८ मे
सापडला! दोष सापडला! स्टीअरिंगच्या नळीतली वायर सोललेली. ऊन तापलं की सैल पडून लोखंडाला टेकते. कुणा अडाण्यानं ती पक्कड लावून ओढलेली दिसते. लष्करातही कसले कसले लोक भरतात! टेप गुंडाळली.

दुपारी कडक ऊन. हॉर्न नाही. आईनं दुसरं ताट घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि गुरुजींना गुरुवारचा निरोप धाडला. विजय. जेवण मात्र गेलं नाही. अपचन.

११ मे
रोज दुपारी फाटकाशी उभा राहतो. दुरुस्तीनंतर निरीक्षण लागतंच. घर इतकं गप्प आहे की भिंतीवरच्या घड्याळाचा राग येतो. उमेला म्हटलं, अर्थिंग नीट झाल्यावर असंच वाटतं.

१२ मे, गुरुवार
सकाळी टेप काढून ठेवली. फक्त तपासणीसाठी. परत लावायची राहून गेली.

गुरुजींनी पुतळा बांधला. पानांचा, हातभर, डोक्याच्या जागी नारळ. दुपार झाली. माझ्या हातात दर्भ, गुरुजी म्हणाले, भावाचं नाव घ्या. आणि बाहेर हॉर्न.

मी उठून धावलो. जीप रिकामी. मी मोठ्यानं दादा म्हणून हाक मारली. तीनदा. का मारली ते लिहिता येत नाही.

आई मागोमाग आली. इतक्या दिवसांत ती जीपपाशी कधी आलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. ती म्हणाली, मुकुंदा, पुरे आता. सदू आला नाही, मी त्याच साली रडून मोकळी झाले. ते ताट त्याचं नव्हतं रे. हॉर्न वाजला की तू अर्ध्या घासावरून धावत सुटायचास, आणि हात हलवत परत आलास की दोन घास खायचास, ते त्या ताटाकडे बघून. म्हणून वाढायची. मग तिनं विचारलं, कुठली वायर? दाखवली. ती म्हणाली, तूच तोड.

तोडली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळ
नदीवर जीपनंच गेलो. सेल्फ कण्हला, बद्रीनाथनं धक्का मारला. तो आणि गुरुजी मागं बसले. पुतळा माझ्या शेजारच्या सीटवर. पडू नये म्हणून डावा हात त्याच्यावर ठेवला होता.

नदीच्या वळणावर समोरून टांगा आला. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मागून बद्रीनाथ हळूच म्हणाला, आरं, तोडलाय न्हवं.

मग गाडी थांबवली आणि टांग्याला जाऊ दिलं.