दोन शाळा आणि एक चप्पल

प्रिय ताईस,

पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (बसून साष्टांग कसा घालतात हे विचारू नकोस. या घरात सध्या त्याहून अवघड गोष्टी चालल्या आहेत.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो, की अजून फक्त बाजारात जा म्हटल्यावरच?

हे पत्र मी न्हाणीघरातून लिहितो आहे आणि त्याबद्दल माझी रीतसर तक्रार आहे. ज्या माणसाने टेबलाशी बसून लोकांची उणीदुणी काढून संसार केला, त्याचं टेबल काढून घेणं म्हणजे न्हाव्याचा वस्तरा काढून घेण्यासारखं आहे. माझ्या टेबलावर सध्या तुझ्या लेकीचा कॅमेरा विराजमान आहे. माझा दिवा माझ्याकडे पाठ फिरवून पलंगाकडे बघतो आहे. खिडक्यांना माझ्या ठेवणीतल्या चादरी. भर दुपारी घरात काळोख, उजेड काय तो न्हाणीघरात, कारण ही खोली 'कथेत येत नाही' असं मला सांगण्यात आलं आहे. मी स्वतः कथेत येतो, पण कोपरापासून पुढे. ते ओघाने सांगतो.

तर तू लेकीला इकडे परदेशात माझ्याकडे धाडलंस ते दोन फिल्म स्कूल डोळ्यांनी बघून एक निवडायला. परदेशी मुलीला दोन्हीकडे जागा मिळाली, हे आपल्या घराण्याच्या बुद्धीला धरून नाही, पण झालं खरं. महिनाअखेर एकीला होकार कळवायचा आहे. आणि मला तू गुपचूप बजावलं होतंस, की तिला मोठ्या शाळेकडे वळव. तुझी कारणंही मला पाठ आहेत. मोठीचं नाव सांगितलं की नातेवाईक पुढचा प्रश्न विचारत नाहीत, आणि तिच्या वसतिगृहाला फाटक आहे. मी हो म्हणालो. तुला हो म्हणणं ही माझी लहानपणापासूनची सवय, प्रकृतीला मानवते.

पण आधी बॅगेचं सांगतो. तुझ्या लेकीने इथे येऊन बॅग उघडली, तर आत एक चप्पल. उजवी. प्रत्येक रंगाचा एकेक मोजा. एक कानातलं. फोनवर तू म्हणालीस, "घाईत राहिलं असेल." ताई, तू डब्यांची झाकणं रंग जुळवून लावणारी बाई. घाईत तुझ्या हातून एखादं झाकण हलायचं नाही, तिथे एवढ्या जोड्या फुटल्या. पोरगी डाव्या पायात माझी चप्पल घालून गावभर फिरते आहे. दोन्ही फिल्म स्कूलच्या आवारात तिच्याकडे कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही, यावरून तिथल्या एकंदर पेहरावाचा अंदाज घे.

मोठी शाळा म्हणजे सगळी काच. दारं आपोआप उघडतात, खुर्च्या आपोआप मागे कलतात, आणि चहाच्या पेल्यावरसुद्धा शाळेचं बोधचिन्ह आहे. काळ्या कपड्यांतला एक विद्यार्थी आम्हाला फिरवत होता. तो दिग्दर्शक. वाटेत त्याचे चार मित्र भेटले, तेही दिग्दर्शक. कॅमेरे काचेच्या कपाटात ठेवले आहेत, मधुमेह झालेल्या माणसाला मिठाईचं दुकान दाखवावं तसे. हात कधी लावायला मिळतो म्हणून विचारलं, तर म्हणाला तिसऱ्या वर्षी, तोवर दृष्टी तयार होते. मला हे पटलं. (माझी दृष्टी तिथल्या चित्रपटगृहात तयार होता होता मिटली. खुर्ची खरंच उत्तम आहे.) बाहेर पडेपर्यंत मी तुला पाठवायचा अनुकूल अहवाल मनात लिहून काढला होता. पण तुझी लेक जाता जाता त्या काळ्या कपड्यांना एवढंच विचारती झाली, की इथे दिवा कोण धरतं. तो गोंधळला. मग म्हणाला, ती माणसं बाहेरून मागवतो. म्हणजे बघ, सगळेच जावई असलेलं लग्न. मान प्रत्येकाला, वाढायला कोणी नाही.

लहान शाळा एका जुन्या बिस्किटांच्या कारखान्यात आहे. वास अजून येतो, त्यामुळे सारखी भूक लागते आणि उपाहारगृह नाही. खांद्यावर वायरीचं वेटोळं टाकलेल्या एक जाड्या बाई समोर आल्या. मला वाटलं विजेचं काम करणाऱ्या असतील. त्या प्राचार्या निघाल्या. भाषण नाही, चहा नाही. तिथली रीत अशी, की बघायला येणाऱ्या मुलाच्या हातात कॅमेरा द्यायचा आणि एक दुपार द्यायची. बरोबर जो कोणी आला असेल तो नट. तुमचं काम चालू असताना दुसऱ्या उमेदवाराने तुमच्यासाठी दिवा धरायचा, मग त्याच्यासाठी तुम्ही. मी म्हटलं, बाई, मी नट नाही, पालक आहे. त्या म्हणाल्या, "मग तर बरंच. पालकांना ताटकळायची सवय असते."

तुझ्या लेकीने मला जमिनीवर बसवलं, पुढ्यात स्वतःची बॅग आणि एक उशी ठेवली आणि म्हणाली, "मामा, चेहरा नको. फक्त हात. तुझे हात आईसारखे आहेत." (माझ्या चेहऱ्याबद्दल आजवर पुष्कळांनी मत दिलं, पण इतक्या थोडक्यात कोणी नाही.) मग मला काम सांगितलं. भरलेल्या बॅगेतून एक चप्पल काढायची. उशीखाली ठेवायची. एक मोजा काढायचा. उशीखाली. मग चेन लावायची आणि हात थोडा वेळ तसाच बॅगेवर ठेवायचा.

ताई, दार तू पुरतं लावलं नव्हतंस. तिने बघितलं.

ती रागावलेली नाही, हे आधी सांगतो. तुला हसतही नाही. तिला फक्त कुतूहल आहे, आणि ते भयंकर आहे. मला विचारत होती, "मामा, आधी मोजा काढेल की चप्पल? डावी का ठेवली असेल? चेन लावल्यावर हात किती वेळ ठेवेल?" आम्ही थोडा वेळ ठेवून बघितला, खूप वेळ ठेवून बघितला. थोडा ठेवला की चोरी वाटायची आणि खूप ठेवला की नाटक. दिवा धरायला दुसरी उमेदवार, एक उंच मुलगी होती. चौथ्या खेपेला दिवा हलायला लागला. मी वर बघितलं तर तिचं लक्ष दाराबाहेरच्या बाकाकडे. तिथे तिची आई मांडीवर तिची बॅग घेऊन बसलेली.

नंतर त्या उंच मुलीच्या फिल्मसाठी तुझ्या लेकीने दिवा धरला. फिल्म काय, तर तिची आई सफरचंद सोलते आहे. बस. तासभर सोललं. तुझी लेक शिडीच्या पायरीवर उभी राहून मनगट एवढंसं वळवायची आणि सालीवर उजेड सरकायचा. घरी येताना स्वतःच्या फिल्मबद्दल चकार शब्द नाही, रस्ताभर ती साल. अशी खूश मी तिला मोठ्या शाळेच्या काचेत पाहिली नव्हती. आणि स्वतःचे हात मनासारखे झाले नाहीत म्हणून आता घरी पुन्हा शूटिंग, आणि मी बादलीवर. सामान शोधताना तिने माझे खण उपसले. एकात लोकरीचा हातमोजा सापडला, एकटाच. "मामा, याचा जोड?" मी म्हटलं, हरवला. तिने माझ्याकडे असं बघितलं, की ही पोरगी दिग्दर्शक झाल्याशिवाय राहत नाही.

असो. दोन्ही बाजू निःपक्षपातीपणे मांडल्या आहेत. मोठी शाळा पालकांसाठी फारच सोयीची आहे. लहानीला वसतिगृह नाही, एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर खोली मिळते, जिना उभा आहे, आणि त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला तुझ्याहून जास्त प्रश्न विचारते. निर्णय तुम्ही मायलेकींनी घ्यावा. बादलीचा काठ आता रुतू लागला आहे.

तुझा आज्ञाधारक (पुरावे मागू नयेत)
भाऊ

ता. क. तिचं लहान शाळेवर मन बसलं आहे, पण तू हं म्हटल्याशिवाय ती होकार कळवणार नाही. हे आईला सांगू नकोस असं तिने मला बजावलंय, म्हणून सांगत नाही. फोन करू नकोस. फोनवर तुम्ही दोघी 'जेवलीस का' यापलीकडे जात नाही. फक्त उशीखालचं पाठव. डावी चप्पल, मोजे, कानातलं. पार्सल आलं की ती समजेल. अगदीच जीव राहत नसेल तर एखादा मोजा ठेवून घे. आणि हात नेमका किती वेळ ठेवला होतास ते कळव, माझे गुडघे वाचतील.

ता. क. आणखी एक. माझ्या खणातल्या हातमोज्याचा जोड कुठे आहे ते मला ठाऊक आहे. मी इकडे यायला निघालो तेव्हाही दार तू पुरतं लावलं नव्हतंस. येतो येतो म्हणत राहिलो, आलो नाही. तुझी लेक नव्या खोलीत रुळली की तुझ्याकडे यायला निघतो, तिकीट काढलं आहे. डावा माझ्याकडे आहे, बरोबर आणतो. उजवा काढून ठेव.