कौलावर न टाकलेली दाढ

१५ जानेवारी, बुधवार

तिळाच्या वडीनं वाट लावली. काल संक्रांतीला दिशानं सासूबाईंच्या डब्यातून चोरून खाल्ली आणि आज पहाटेपासून गाल धरून बसलीये. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं — उजवीकडची खालची दाढ, मधोमध काळी. सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडात! रोज रात्री ब्रश करताना मी स्वतः उभी असते, तरी.

प्रीतम म्हणतो, दुधाचीच आहे, पडेल आपोआप. पडायला अजून चार-पाच वर्षं आहेत. तोवर काय मुलीनं गाल धरून बसायचं? मी दिवसभर सेंटरवर लोकांचं रक्त काढते, सुई टोचून पोट भरते, आणि नवरा मला डॉक्टरकी शिकवतो.

त्या गडबडीत पोळीचा तवा उघड्या हातानं उचलला. वास आला तेव्हा कळलं. चांगला फोड आलाय. माझं हे नेहमीचंच, जाड कातडीची आहे मी.

१८ जानेवारी, शनिवार

मुलुंड वेस्टचा तो मुलांचा दातवाला. भिंतीवर ऑक्टोपस, छतावर टीव्ही, डॉक्टर दिशाला 'चॅम्प' म्हणणारा. तोंडात आरसा घालेपर्यंत सगळं झकास. मग मशीन सुरू झालं आणि दिशा त्याच्या बोटाला चावली. काय चावली! हातमोजा फाटला त्याचा.

ती रडायला लागली की बिल्डिंगभर ऐकू जातं. रिसेप्शनवरच्या मुलीनं टीव्हीचा आवाज वाढवला. बाहेरच्या आया माझ्याकडे बघत होत्या. मला आधी लाज वाटली, मग लाज वाटली म्हणून राग आला. डॉक्टर म्हणाला, "मॅडम, पेशंट कोऑपरेट करत नाही." सहा वर्षांची पेशंट कसली कोऑपरेट करते?

२१ जानेवारी, मंगळवार

सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं: मुलांसाठी चांगला डेंटिस्ट कुणाला माहितीये का? एकानं होमिओपॅथी सुचवली. एकानं ठाण्याच्या मेव्हण्याचं कार्ड टाकलं. एकीनं टूथपेस्टमधल्या विषावर व्हिडिओ पाठवला. तळमजल्याच्या काकांनी नेहमीप्रमाणे गुड मॉर्निंगचं गुलाब.

संध्याकाळी भांडुपच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. माणूस शांत, नीट बोलला. पण म्हणाला, ही ऐकणार नाही, हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊन काढू. मी हो म्हणाले आणि रिक्षात बसल्यावर नको वाटलं. मास्क लावून ती डोळे मिटतेय हे मला बघवणार नाही. मी दुसऱ्यांच्या मुलांना टोचते, पण ती दुसऱ्यांची असतात.

२३ जानेवारी, गुरुवार

लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची जया भेटली. "अगं, मला विचारायचं ना! श्रेयसला घाटकोपरला माणिकबाईंकडे नेलं होतं. आवाज काढला नाही गं पोरानं. बसला, दात काढला, उठला."

श्रेयस? आठ वर्षांचा श्रेयस, जो केस कापतानासुद्धा किंचाळायचा? म्हटलं, चेष्टा करतेस.

"तेव्हापासून रडलाच नाही यार. शपथ."

२५ जानेवारी, शनिवार

झालं एकदाचं! लिहून ठेवते, कारण अजून खरं वाटत नाही.

घाटकोपरला जुनी तीन मजली बिल्डिंग, आजूबाजूला सगळे टॉवर. लाकडी जिना, अंधार. तिसरी पायरी तुटलेली आहे. मला ती दिसली नव्हती, पण माझा पाय आपोआप चौथ्या पायरीवर पडला. मागे दिशा अडखळली तेव्हा कळलं.

वर लवंगेच्या तेलाचा वास. बाकावर चार-पाच मुलं, सगळ्यांचे हात गुडघ्यांवर. कुणाच्या हातात मोबाइल नाही, कुणी आईच्या अंगावर लोळत नाही. आयाच काय त्या आपसात बोलत होत्या.

माणिकबाई सत्तरीच्या असतील. पांढरी सुती साडी, बाह्या कोपरापर्यंत वर. त्यांनी दिशाला बोटाला धरून आत नेलं आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर बस. तुला माहितीये." मी आधी कधी आले नव्हते. म्हातारपणी होतं असं, कुणीही ओळखीचं वाटतं.

दार लागलं. मी कान लावून बसले. मशीनचा आवाज नाही, रडणं नाही, काहीच नाही. मग दिशा कापूस चावत बाहेर आली. डोळे कोरडे. बाईंच्या हातात ती दाढ.

"नेणार की ठेवू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ठेवा. सातव्या मजल्यावर राहतो आम्ही, टाकायला कौलं कुठायत?

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

रिक्षात दिशाला विचारलं, काय केलं गं बाईंनी? ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, दुखणं इथेच ठेवून जाशील का? मी हो म्हटलं."

२६ जानेवारी, रविवार

सासूबाईंनी सकाळीच विचारलं, "दाढ खंय आसा?" सांगितलं, तिकडेच ठेवली. त्यांचा चेहरा उतरला. "पोराचो दात परक्याकडे ठेवूचो नसता गो. कौलार टाकूचो. पोरानंच टाकूचो."

गावी ठीक आहे हो. इथे गच्चीच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरीकडे असते, आणि वर पाण्याच्या टाक्या आहेत, कौलं नाहीत. दुर्लक्ष केलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

शाळेतून टीचरचा फोन. दिशा मैदानात पडली, गुडघा फुटला. धावत गेले. ही बाकावर बसलेली, मोजा रक्तानं भिजलेला, आणि डबा खातेय. टीचर म्हणाल्या, "किती ब्रेव्ह आहे हो तुमची मुलगी!"

खरं सांगायचं तर अभिमान वाटला. माझ्यावर गेलीये. दिशाच्या वेळी लेबर रूममध्ये मी तोंडातून हूं काढला नव्हता. नर्स येऊन येऊन बघून जायच्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रीतमनं शर्टाला इस्त्री केली आणि ती पलंगावर उभी ठेवली. दिशा तिथेच चित्र काढत होती. मी स्वयंपाकघरात. वास आला. बाहेर आले तर तिचा डावा हात कोपरापाशी इस्त्रीला टेकलेला, आणि उजव्या हातानं ती सूर्य रंगवतेय.

मी ओरडले. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "काय झालं, मम्मी?"

८ फेब्रुवारी, शनिवार

मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. भाजलेल्यावर मलम दिलं. गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, तळपायावर पेन ओढलं. पाय उडाला, बोटं हलली. सगळं नॉर्मल. "सोशीक आहे मुलगी, तुम्ही नशीबवान आहात."

घरी आल्यावर एक गोष्ट केली, ती कुणाला सांगणार नाही. दिशा कार्टून बघत होती. सेंटरवरची शुगर तपासायची सुई तिच्या बोटाला टोचली. रक्ताचा थेंब आला. तिनं टीव्हीवरून नजरसुद्धा हलवली नाही. मग बोट चड्डीला पुसलं.

सुई बिघडलीये का म्हणून नवी घेऊन स्वतःला टोचून बघितली. त्यावरून काय कळणार? मला कुठे कधी लागतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

श्रेयसचा हात प्लास्टरमध्ये आहे. जयाला भेटायला गेले. मनगटाचं हाड मोडलंय, आणि पोरगा तसाच क्रिकेट खेळत होता. सूज दिसली म्हणून एक्स-रे काढला.

"डॉक्टर म्हणाले, वाघ आहे तुमचा," जया हसत म्हणाली. मी म्हटलं, जया, तुला भीती नाही वाटत? तिनं टीपॉयवरचा एक्स-रे उचलून पाकिटात घातला. मग म्हणाली, "आधी रोज रडारड असायची गं. आता घर किती शांत आहे."

श्रेयस सोफ्यावर बसून आमच्याकडे बघत होता. हात गुडघ्यावर.

सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी खाणार. पण त्या नुसत्या दिशाच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "पोर रडलांच नाय तर आवशीक कळतलां कसां?" एवढंच म्हणाल्या. खरंच, आईला कळणार कसं? उद्या तिच्या पोटात दुखलं, अपेंडिक्स फुटलं, तर मला कोण सांगणार? तीच सांगणार नाही. सेंटरवरही दिवसभर हेच डोक्यात. एका बाईची शीर दोनदा चुकली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घाटकोपरला गेले, एकटीच. तुटलेली पायरी यावेळीही आपोआप चुकवली.

बाईंना म्हटलं, माझ्या मुलीची दाढ परत द्या. मला वाटलं, वेड्यात काढतील. त्या खुर्चीत बसल्या. थकलेल्या वाटल्या.

"देते की. मी कुणाला कधी नाही म्हणाले? मागायला कुणी येतच नाही."

मी विचारलं, तुम्ही काय केलंत तिला?

"मी काही करत नाही. मूल ठेवून जातं, आई हो म्हणते, मी सांभाळते." मग म्हणाल्या, "परत नेलंस तर मधलं सगळं एकदम येईल हां. लेकराच्या हातानं टाक. आणि जवळ बस."

आतल्या खोलीतून त्या सुती फडक्यात गच्च बांधलेली पुरचुंडी घेऊन आल्या. माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. "दोन्ही एकाच दिवशी टाकू नकोस. झेपणार नाही."

दोन्ही म्हणजे? दाढ काढताना तुकडे झाले असतील. बाकावर मुलं बसलेली. मी खाली उतरले.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्टेशनच्या पलीकडे एक बैठी चाळ उरलीये, रिडेव्हलपमेंटच्या कोर्टकज्जात अडकलेली. तिच्यावर कौलं आहेत. सासूबाई, दिशा आणि मी सकाळीच गेलो. प्रीतमला बाजारात जातो म्हणून सांगितलं.

पुरचुंडी सोडली तर आत दोन पुड्या. एकीत दिशाची दाढ, मधोमध काळी. दुसरी पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राची, आत कुणाचा तरी जुना दात. बाईंची गल्लत. ती पुडी पर्समध्ये टाकली.

सासूबाईंनी दिशाच्या हाताला धरून नेम शिकवला. दाढ कौलांवर पडली, टक् आवाज झाला, घरंगळली नाही. दिशा टाळ्या वाजवायला लागली. मग टाळी अर्ध्यातच थांबली.

तिनं गुडघा धरला. मग कोपर. मग गाल. तिच्या तोंडातून जो आवाज आला — चाळीतले लोक बाहेर आले. "मम्मी, दुखतंय, सगळं दुखतंय!" मी तिथेच जमिनीवर बसले, तिला मांडीवर घेतलं. दुपारपर्यंत ती रडत होती. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या, रडत होत्या आणि हसत होत्या.

सुटलो आपण. देवा, सुटलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दिशा आज मी कांदा चिरताना जवळ येऊन उगाच रडली. कार्टून बंद केलं म्हणून रडली. छान वाटतंय.

पण एक गोष्ट खटकतेय. काल ती माझ्या मांडीवर तडफडत होती. मला भीती वाटत होती, तिला सोडवायची घाई होती. पण सासूबाईंना जे आतून होत होतं, ते मला होत नव्हतं. रडणाऱ्या दिशानं माझ्या तोंडाकडे बघून विचारलं होतं, "मम्मी, तुला का रडू येत नाही?"

आई गेली तेव्हाही वहिनी सगळ्यांना हेच सांगत होती. "मीरानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही." मी सगळ्यांचा चहा केला होता.

दुसरी पुडी अजून पर्समध्ये आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांना फोन केला. विचारलं, मला लहानपणी कधी दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं का? म्हणाले, "तुझ्या आईनं नेलं होतं की, घाटकोपरच्या माणिकबाईंकडे. त्याआधी फार रडकी होतीस गं तू."

आज सुट्टी टाकली. सासूबाईंना सोबत घेतलं, जवळ बसायला. पुडी सोडली, माझा दात कौलावर टाकला. तव्याचा चटका, लेबर रूम, मधलं सगळं एकदम आलं.

माझी आई गेली.