गाडी जुनी, गॅस नवा

४ एप्रिल, रविवार
गाडीच्या एसीचा जुना गॅस कधीच उडून गेला. तो आता मिळतही नाही. नवा भरायचा, एवढंच. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पुढच्या रविवारी घरी सोडतील. थंडगार गाडीतून आणीन, असा सगळ्यांसमोर शब्द दिलाय. बायको म्हणाली, टॅक्सी करू. घरात गाडी असताना?

५ एप्रिल
मेव्हणीचा फोन. ती पॉलिटेक्निकमध्ये रेफ्रिजरेशन शिकवते. म्हणे, जुनं तेल नव्या गॅसला चालत नाही. तेल बदला, रबरी रिंगा बदला, ओलावा शोषणारी बाटली बदला, पंपाने आतली हवा काढा, मगच गॅस भरा, तोही जुन्यापेक्षा कमी. हो हो म्हटलं. मास्तर लोकांना सगळं अवघड करूनच सांगावं लागतं, नाहीतर तास लवकर संपतो.

७ एप्रिल
रिंगा बदलल्या. हात पोचला तेवढ्या. बाकीच्यांना कुणाचाच हात लागलेला नाही, म्हणजे त्या शाबूत असणार. तेल हे तेलच असतं. बाटली बाहेरून लख्ख पुसली.

८ एप्रिल, दुपार
गॅस भरला. हवा काढली नाही. हवेचा कसला बाऊ! गार वारा आला!! मग कोमट. गॅस कमी पडला असणार, आणखी भरला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा लाल पट्ट्यात. स्वस्तातलं गेज, भित्रा काटा. बायकोने खिडकीतून बघून खिडकी लावून घेतली. तिने खिडकी लावली की मला जास्तच चेव येतो.

९ एप्रिल
एसी लावला की इंजिनातून किंचाळल्यासारखा आवाज. नवा गॅस रुळतोय. मेव्हणी म्हणाली, रविवारी मी गाडी आणते. साफ नकार! सासूबाईंनीही माझीच बाजू घेतली. जावईबापू म्हणताहेत तर त्यांच्याच गाडीतून येईन, म्हणाल्या. डोळे भरून आले. गाडीखाली होतो, तेलही असेल.

११ एप्रिल, दुपार
सासूबाई मागे, पाय लांब करून. काचा बंद, इभ्रतीचा प्रश्न. वारा आधी कोमट, मग चक्क गरम. सासूबाई एक्स-रेच्या पाकिटाने वारा घेत म्हणाल्या, छान आहे. पुलाच्या चढावर एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला, त्याला फिरवणारा पट्टा तुटला. इंजिनाचं पाणी फिरवणारा पंपही त्याच पट्ट्यावर. ही गाडी बनवणाऱ्यांची चूक. वाफच वाफ. बायकोने मला न विचारता बहिणीला फोन लावला.

मेव्हणी आली. एक शब्द बोलली नाही. एवढं टाकून आजवर मला कुणी बोललं नव्हतं. सासूबाईंना तिच्या गाडीत बसवायला मी हात दिला. तो धरून त्या हळूच म्हणाल्या, गाडी विकू नका हो, पण मला परत तीत बसवूही नका.

११ एप्रिल, संध्याकाळ
गाडी ओढून आणणाऱ्या टोचनवाल्याच्या केबिनमध्ये बसून घरी आलो. आत मस्त गार. त्याला एसी बंद करायला लावला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

थोड्या वेळाने परत लावायला सांगितला.