बारीक साखळी

बाबा,

काल आपल्याकडे लाकूड कापायचे ते कटाईवाले काका आले आणि त्यांनी एक प्रश्न विचारला, म्हणून लिहिते आहे. तुम्ही गेल्याला वीस वर्षं झाली. एरवी तुम्हांला लिहावं असं काही उरलं नव्हतं. ते ओट्यावर बसले, उजव्या हातात चहाचा कप, डावा हात नेहमीसारखा मांडीवर पडलेला. म्हणाले, "बाई, आता तं मालकाले जाऊनही वीस वर्सं झाली. खरं सांगा. मी जोरानं दाबलं म्हणूनच झालं न ते?"

तुमसरची आपली लाकडाची टाल, मागे आरामशीन, म्हणजे ओंडके चिरायची मोठी करवत. चिखल्याच्या खाणीत टेकू द्यायला आपल्याकडून बल्ल्या जायच्या. मी बी.एस्सी. होऊन घरी होते, टालीचं लिहिणं माझ्याकडे होतं. त्या उन्हाळ्यात तुम्ही नागपूरहून पेट्रोलवर चालणारी लहान करवत आणलीत. तिची बारीक साखळी हातात धरून हसलात, "हे साखळी हाय का पोरीच्या पायातली पायपट्टी?" आरामशीनवर तुमचा नियम एकच, दात मोठा तर कटाई जास्त. तिथे तो खरा होता, कारण तिथली मोटर दांडगी होती. तोच नियम तुम्ही इथे लावलात. मोठ्या यंत्राची जाड साखळी, ती जिच्यावर धावते ती लांब पट्टी आणि तिला फिरवणारी चकरी या लहान यंत्राला बसवून आणलीत. बसली म्हणजे चालेल, असा तुमचा हिशेब. यंत्रासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी वाचलं होतं. जाड साखळी लाकूड जास्त खाते, तेवढी ताकद या इंजिनात नाही, ते अडेल, माणूस दाबेल, अडलेली साखळी सुटली की यंत्र उसळेल, एवढं मी सांगितलं. "कॉलेजात आरामशीन होती काय वं?" तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. काकाही हसले.

मग आठ दिवस काकाच येऊन सांगत होते, मालक, मशीन दम सोडून राहिली, लाकडात बंद पडते. तुम्ही म्हणायचात, जोर लाव. नवव्या दिवशी मी खिडकीशी बसून बिलं लिहिते आहे. इंजिनाचा आवाज बसतो, उठतो, पुन्हा बसतो. मग एकदम मोकळा होतो, आणि काका ओरडतात. करवत उसळून त्यांच्या डाव्या हातावर आलेली.

विमा कंपनीला द्यायचा कागद संध्याकाळी तुम्ही खाटेवर बसून सांगितलात: कामगाराने निष्काळजीपणे जोर दिला. साखळीबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने जुनी पट्टी आणि बारीक साखळी परत चढवलीत. म्हणजे तुम्हांला कळलं होतं. तुमची चूक मी कधीच सोडून दिली असती. ते परत चढवणं सोडता येत नाही. काका पुढे आंधळगावला तलावाची राखण करत राहिले, एका हाताने जमेल ते काम म्हणून.

काल मी त्यांना सांगितलं, दाबल्याने नाही, साखळीने झालं. त्यांनी कप खाली ठेवला. मग एवढंच बोलले, "तं मले काहून नाही सांगतलं कोणी?" मी उठून आत गेले आणि कपाट उघडलं.

त्यांच्या हवाली केलं ते असं. इंग्रजी पुस्तक एक. बारीक साखळी एक, गंजलेली. माझ्या सहीचा कागद एक. त्यात दोष जाड साखळीचा आणि ती बसवून आणणाऱ्याचा, म्हणजे तुमचा, असं नावानिशी लिहिलं आहे. विमा कंपनीला दिलेला पहिला कागद माझ्या अक्षरात होता, हे त्यात लिहिलेलं नाही.