पाचर

दि. ९, रविवार

बाबांना नमस्कार. मी धडधाकट आहे.

पुन्हा तेच केलंत ना? पायाची जखम जरा सुकली की गोळ्या बंद, उरलेल्या डब्यात. मागच्या खेपेला ओरडलो तर म्हणालात, बाटल्या धुणाऱ्यानं डॉक्टरकी शिकवू नये. बरं, नाही शिकवत. पण ताई फोनवर सांगत होती, यंदा गोळ्यांच्या जागी पाला वाटून बांधताय. वर येईल त्याला ऐकवताय, "माझा पोरगा जिथं आहे तिथं पाल्यानंच जंतू मारतात."

माझा पोरगा. ताईला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. ते असो.

बाबा, पाला मारत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी धुवायच्या आधी मला तीन काचेच्या बशा दाखवल्या. नुसतं औषध घातलेलीत जंतूंची साय दाटलेली. नुसता पाल्याचा अर्क घातलेलीतही तशीच. दोन्ही मिळून घातलेली स्वच्छ.

म्हटलं, "हे कसं?"

"जंतू बेरकी झालेत. औषध आत शिरलं की दारातून बाहेर फेकतात. पाल्यातला एक पदार्थ ते दार अडवतो."

"म्हणजे पाचर."

बाई हसल्या. "सुताराचा दिसतोस."

तर पाचर दार अडवते, मारायचं काम औषधाचंच. तुम्ही औषध डब्यात ठेवलंत आणि नुसती पाचर बांधून बसलात. तीही भलत्याच झाडाची. बाईंचा अर्क अजून एकाही माणसाला दिलेला नाही. आणि जंतू बेरकी होतात ते असं अर्धवट औषध खाल्ल्यानंच.

पत्र मिळताच ताईबरोबर दवाखान्यात जायचं. जखमेतला पू तपासायला द्यायचा, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. मग डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्यायचं, जखम सुकली तरी. डब्यातल्या गोळ्या आपल्या मनानं चालू करायच्या नाहीत. ताईला सांगितलंय, ऐकलं नाहीत तर रंधा लपवून ठेव.

डॉक्टर पायाचा अंगठा काढायचं म्हणाले, हे ताईनं फोन ठेवता ठेवता सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत. रंधा मारताना सगळा भार त्याच पायावर घेता तुम्ही. मला माहीत आहे.

लोकांना आता खरं सांगा. पाल्याचं तेवढं खोडा, पोरगा राहू द्या.

सुट्टीत येत नाही. तिकीट परत केलं.

तुमचा,
बाटल्या धुणारा

ताईकडे तिकिटाचे आठ हजार चारशे पाठवतोय.