दोन बोटांची ढील

आई,

तुला आणि मला एकाच गोष्टीची चीड होती. खाटेवरच्या माणसाला कुणी विचारत नाही. डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात, नातेवाईक एकमेकांकडे बघतात, आणि ज्याचा जीव चाललाय तो छताकडे बघत पडून राहतो. इस्पितळात आयाबाई म्हणून तू आयुष्य काढलंस, घाटकोपरच्या आपल्या खोलीत चपात्या लाटताना हे सांगायचीस, आणि मी तेच उचलून सभांमधून गरजायचो. टाळ्या मला मिळायच्या.

रुग्णांनी नळ्या उपसू नयेत म्हणून त्यांचे हात खाटेला बांधायचं काम तुझ्याकडे यायचं. "बांधायचेच तर दोन बोटं आत जातील एवढी ढील ठेवायची," तू म्हणायचीस. "माणूस आहे तो, बकरी नाही." मग एका रविवारी, साक्षरता वर्गात शिकलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, तू वहीच्या पानावर लिहिलंस: मला श्वासाचं मशीन लावू नका. घरी न्या. शेजारच्या कोळीण मावशीला साक्षीदार केलंस. अंगठा उठवता उठवता ती म्हणाली, "मेल्यावर मना कोर्टान नेशील काय गो?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "तुला नाही, ह्याला नेईन. हा लई बोलतो, ऐकतो कमी." आपण तिघंही हसलो, आणि तू कागद माझ्या हातात दिलास.

तुझी फुप्फुसं थकली त्या दुपारी तो कागद माझ्या खिशात होता. घरातून निघताना मी तो आठवणीने घेतला होता, विसरलो नव्हतो. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला हळू आवाजात विचारलं, "पुढे काय करायचं, याबद्दल आई कधी काही बोलल्या होत्या का?" आज मुलुंडला परिचारिकांच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारायला शिकवतो. त्या दिवशी मात्र मला वाटलं, गरिबाला वाटेला लावतायत. व्हरांड्यात माझे कार्यकर्ते उभे होते, गावाहून मामा आला होता. मी आवाज चढवला. "गरिबाची आई म्हणून मशीन नाही का? आमच्या श्वासालाही रांग लावायची का?" मामा म्हणाला, "बोल भाच्या, बोल!" अर्ध्या तासात मशीन आलं. मी जिंकलो. दार उघडं होतं, तू शुद्धीवर होतीस, आणि माझं भाषण तू अगदी पहिल्या रांगेतून ऐकलंस. तुला काय हवंय, हे विचारायला मी दारातून आत आलो नाही.

नऊ दिवस तू त्या मशीनवर काढलेस; घरी आलीच नाहीस. तिसऱ्या दिवशी तू बांधलेल्या हाताची दोन बोटं वर करतेस. मला लगेच कळतं. मी गाठ सैल करतो, माझी दोन बोटं आत घालून बघतो. तू माझ्या खिशाकडे बघतेस. मी खिडकीबाहेर बघतो.

तेव्हा असा कागद मानणारा कायदा नव्हता, अशी मी सोळा वर्षं स्वतःची समजूत घालतोय. आता आहे. असं इच्छापत्र कसं करायचं, साक्षीदार किती, निर्णय घेणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं, सगळं मी फळ्यावर लिहून दाखवतो. पण तुझ्या आड कायदा आला नव्हता, आई. मी कागद दाखवलाच नव्हता. उद्या लोक म्हणतील, एवढा बोलणारा माणूस आणि आईला तशीच जाऊ दिली, याला मी घाबरलो.

वर्गात मी ही हकिकत 'एका मुलाची' म्हणून सांगतो. गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका सिस्टरने विचारलं, "सर, त्या मुलाने नंतर तरी कागद काढला का हो?" मी म्हणालो, "माहीत नाही." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

हे पत्र तुझ्या कागदाच्याच घडीत ठेवतोय. वर्ग संपवताना मी दरवेळी आवाज चढवून एकच सांगतो: नातेवाइकांकडे वळण्याआधी खाटेवर वाका आणि त्या माणसाला विचारा, तुम्हाला काय हवंय? सगळ्याजणी ते वहीत उतरवून घेतात. वाक्य तुझं आहे, हे मी अजून एकदाही सांगितलेलं नाही.